कान्होजी आंग्रे यांच्याशीं झालेला १७१४ चा तह आणि तो वाचण्याची रीति

जुन्या घराण्याच्या दप्तरांत एखाद्या तहाची नक्कल सांपडली म्हणजे आपण प्रथम सालमिति लावतों, मग नांवें ओळखतों आणि कागद पुन्हा रुमालांत बांधून ठेवतों. परंतु फुटून निघालेला प्रांत राज्यांत परत आणण्यासाठीं जो तह होतो, त्याचा अर्थ एवढ्यानें लागत नाहीं. त्यांतील प्रत्येक गडाच्या नांवापुढें, तह झाला त्या दिवशीं तो गड कोणाच्या हातीं होता, हा प्रश्न लिहावा लागतो. शाहू छत्रपतींच्या वतीनें बाळाजी विश्वनाथ यांनीं कान्होजी आंग्रे यांच्याशीं केलेला तह या दृष्टीनें पाहण्याजोगा असल्यामुळें आम्हीं तो येथें विचारास घेतला आहे.

१७०७ त शाहू महाराज मोंगलांच्या कैदेंतून सुटून आले आणि १२ जानेवारी १७०८ रोजीं साताऱ्यास त्यांचा राज्याभिषेक झाला. ताराबाईंनीं त्यांचा हक्क मानला नाहीं. राज्य दुभंगलें, आणि कुलाब्यापासून विजयदुर्गापर्यंतचा किनारा व आरमार ज्यांच्या हातीं होतें ते कान्होजी ताराबाईंच्या पक्षास राहिले. १७१३ त त्यांनीं घाट चढून लोहगड घेतला. त्यांच्यावर पेशवे बहिरोपंत पिंगळे यांस पाठविलें, तों पेशवेच पराभव पावून कैद झाले. आंग्रे आतां साताऱ्यावर येणार, अशी भीति उत्पन्न झाली.

या प्रसंगीं, १७ नोव्हेंबर १७१३ रोजीं, बाळाजी विश्वनाथ यांस पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. पुन्हा फौज पाठवून घाटावरचे गड कदाचित् सोडवितां आले असते; पण शाहूंजवळ आरमार नव्हतें, आणि आरमारावांचून कुलाबा हातीं येणें शक्य नव्हतें. बाळाजींचें घराणें श्रीवर्धनच्या देशमुखांचें. किनाऱ्याचीं माणसें व तेथील हितसंबंध त्यांस घरचे होते. सिद्दीच्या त्रासानें त्या घराण्यास गांव सोडावा लागला होता, आणि सिद्दी हा कान्होजींचाहि वैरी. लोणावळ्यानजीक वळवण येथें उभयतांची भेट झाली आणि १७१४ च्या आरंभीं तह ठरला.

तहाचीं मुख्य कलमें अशीं. कान्होजींनीं कोल्हापूरचा पक्ष सोडून शाहूंची सेवा पत्करावी. कैद केलेल्या पेशव्यांस मुक्त करावें. राजमाचीखेरीज घाटावर नवीन जिंकलेलीं स्थळें परत द्यावींत. उलट त्यांचें सरखेलपद व आरमाराचा अधिकार कायम व्हावा, आणि दहा किल्ले व सोळा दुय्यम स्थळें त्यांखालील गांवांसह त्यांजकडे चालावींत. दहा किल्ले म्हणजे खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड, कनकदुर्ग, फत्तेगड, अवचितगड व यशवंतगड. दुय्यम स्थळांत सागरगड, मिरगड, माणिकगड, राजापूर, खारेपाटण, श्रीवर्धन इत्यादि नांवें येतात.

आतां वरील प्रश्न या कलमांस लावून पाहूं. म्हणजे स्थळांचे तीन वर्ग पडतात. पहिला वर्ग कुलाबा-खांदेरीसारख्या किल्ल्यांचा. ते कान्होजींच्या ताब्यांत होतेच; सरकारनें नवीन कांहीं दिलें नाहीं, फक्त ताब्यास सनदेचें रूप दिलें. दुसरा वर्ग लोहगडासारख्या परत घेतलेल्या स्थळांचा. सरकारची खरी निकड येथें दिसते: समुद्र आंग्र्यांचा राहिला तरी चालेल, देशावर उतरणारी वाट मात्र त्यांच्या हातीं नको. तिसरा वर्ग सर्वांत बोधप्रद आहे. यादींतील कांहीं स्थळें वीस वर्षांहून अधिक काळ सिद्दीच्या ताब्यांत होतीं. म्हणजे जें सरकारच्या हातीं नव्हतें तें सरकारनें देऊन टाकलें. परिणामीं सिद्दीशीं लागलीच कलह जुंपला आणि पेशव्यांस आंग्र्यांच्या मदतीस जावें लागलें. श्रीवर्धनचें नांव यादींत आलें खरें. पण १९४८ त जंजिरा संस्थान विलीन झालें तेव्हांहि श्रीवर्धन त्याच संस्थानांत होतें. एका घरांतील समेटानें दुसऱ्या घराशीं वैर वाढलें, तें असें.

तथापि तह फसला असें म्हणतां येत नाहीं. १७२१ च्या अखेरीस इंग्रज व पोर्तुगीज यांनीं मिळून कुलाब्यावर स्वारी केली, तेव्हां बाजीराव पेशवे फौजेनिशीं आंग्र्यांच्या साह्यास धांवले. जानेवारी १७२२ मध्यें पोर्तुगीजांनीं बाजीरावांशीं वेगळा तह केला आणि ती स्वारी निष्फळ झाली. आठ वर्षांपूर्वीं ज्यांनीं सरकारच्या पेशव्यांस कैद केलें होतें, त्यांचाच किल्ला राखण्यास सरकारचा पेशवा आला. या तहाची याहून मोठी कसोटी कोणती असावी? ४ जुलै १७२९ रोजीं निधन होईपर्यंत कान्होजी शाहूंच्या पक्षास राहिले.

उणीव दिसली ती त्यांच्या पश्चात्. तह एका पुरुषाच्या शब्दावर उभा होता. १७३३ त सेखोजी वारल्यावर संभाजी व मानाजी या बंधूंत तंटा पेटला, आणि १७३५ त बाजीरावांनीं मानाजीस वजारतमाब हा किताब देऊन कुलाब्यास ठेवलें, तर सरखेलपद व दक्षिणेकडील भाग संभाजीकडे राहिला. एक आरमार दोन झालें. पुढें तुळाजींशीं पेशव्यांचें वांकडें आलें. १७५५ त सुवर्णदुर्ग व १७५६ त विजयदुर्ग इंग्रजांच्या साह्यानें पाडाव झाले, आणि विजयदुर्गाखालीं आंग्र्यांचें आरमार जळालें. ज्या आरमारासाठीं १७१४ त एवढी नमती बाजू घेतली, तें बेचाळीस वर्षांनीं सरकारच्याच संमतीनें नष्ट झालें.

संग्राहकांसाठीं दोन गोष्टी सांगून हा लेख पुरा करतों. या तहाच्या काळचा कागद म्हणजे शुहूर सन १११४, अर्बा अशर मया व अलफ. राज्याभिषेक शक ४०. शके १६३५ विजय संवत्सर. या तिन्ही गणना एकमेकींशीं जुळाव्यात. दुसरें, जुन्या इंग्रजी ग्रंथांत कान्होजींनीं 'संभाजीचा' पक्ष सोडला असें लिहिलें आहे. परंतु कोल्हापूरचा सत्तापालट होऊन संभाजी गादीवर आले ते १७१४ तच, या तहानंतर. तत्पूर्वीं तेथें ताराबाईंचे पुत्र शिवाजी होते. म्हणून ज्या नकलेंत संभाजींचें नांव असेल, ती मागाहून तयार झाल्याचा संशय घ्यावा.

अलिबाग, रोहें, पेण, मुरूड या भागांतील घरांत खाऱ्या दमट हवेनें मोडी कागद लवकर कुजतात. मोठ्या तहाची प्रत ज्यांच्या घरीं नसेल, त्यांच्याकडेहि एखाद्या गांवचा वसूल त्या सालीं कोणाकडे भरला, हें सांगणारी चिठी असूं शकेल. तह काय बोलला हें यादीवरून कळतें. तो किती चालला हें अशा चिठ्यांवरूनच ठरेल. ती चिठी रद्दींत जाऊं देऊं नये, एवढीच विनंति.