परक्यांची छायाचित्रे

१९७५ साली सायगाव पडले आणि लक्षावधी व्हिएतनामी पुढे देशोधडीस लागले. हा-तिएन येथे १९६८ साली जन्मलेले कलावंत दिन् क्यू. ले त्यांपैकीच. ख्मेर रूजच्या हल्ल्यांमुळे १९७८ साली कुटुंब निघाले, ते अमेरिकेत पोहोचले. घरची छायाचित्रे मागेच राहिली. बालपणी पाहिलेली गवती चटयांची वीण त्यांनी छायाचित्रांच्या पट्ट्यांना लावली. युद्धाची दृश्ये व हॉलिवूडचे चित्रपट तीत असे गुंतले, की खरी आठवण कोणती हे पाहणाऱ्यास उमगू नये. हा गुंता आम्हांस प्रामाणिक वाटतो.

मायदेशी परतल्यावर, आपली सापडतील ह्या आशेने, त्यांनी जुन्या सामानाच्या दुकानांतून परक्यांची हजारो छायाचित्रे घेतली. २०१४ साली ती शिवून मच्छरदाण्यांसारखी टांगली. त्या कलाकृतीच्या नावात पैलतीर आहे. पारमितेच्या अभ्यासकास तो शब्द नवा नव्हे. २०२४ साली ले निवर्तले. त्या अनोळखी चेहऱ्यांना ते आपले कुटुंबच मानीत.