विश्लेषण : थायरॉइडसाठी घेतलेलं किरणोत्सर्गी आयोडीन १६ दिवसांत संपतं का?

हुडकेश्वरमधल्या एखाद्या घरात आईला थायरॉइडच्या कॅन्सरसाठी 'आयोडीन १३१' द्यायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, लहान लेकराला तिच्याजवळ कधी जाऊ द्यायचं? इंटरनेटवर उत्तर सापडतं : अर्धायुष्य ८ दिवस. मग ८ दिवसांत निम्मं, १६ दिवसांत सगळं संपलं, असा सोपा हिशेब घरोघरी होतो. तो चुकीचा आहे.

अर्धायुष्य म्हणजे काय?

दर ८ दिवसांनी मूळ मात्रेच्या नव्हे, तर त्या क्षणी जे शिल्लक आहे त्याच्या निम्मं उरतं. १०० मिलिक्युरीचे ८ दिवसांनी ५०, १६ दिवसांनी २५, २४ दिवसांनी साडेबारा. यालाच घातांकी घट म्हणतात. दिवसांना ८ ने भागायचं आणि येईल तितक्या वेळा निम्मं करायचं, एवढंच सूत्र.

अधल्यामधल्या दिवसांचं काय?

हा प्रश्न फक्त परीक्षेतला नाही. देशात हे आयोडीन मुंबईतल्या तुर्भे इथल्या ध्रुव अणुभट्टीत टेल्युरियमपासून बनवलं जातं. तिथून नागपूरला येईपर्यंतही ते घटतच असतं. म्हणून डब्यावर मात्रेसोबत ती कोणत्या तारखेची, कोणत्या वेळेची हेही लिहिलेलं असतं. समजा त्यानंतर २ दिवस गेले. ८ दिवसांत ५० टक्के, तर २ दिवसांत साडेबारा टक्के घट, असं वाटेल. प्रत्यक्षात २ दिवस म्हणजे पाव अर्धायुष्य. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर ०.५ चं वर्गमूळ काढा : ०.७०७, म्हणजे ४ दिवसांनंतरचा वाटा. त्याचं पुन्हा वर्गमूळ ०.८४१, हा २ दिवसांनंतरचा. म्हणजे घट जवळपास १६ टक्के.

उलटा हिशेब लॉगॅरिदमने होतो. दहा टक्केच उरायला किती दिवस? १ भागिले ०.३०१ (२ चा लॉग) म्हणजे ३.३२ अर्धायुष्यं, साधारण साडेसव्वीस दिवस.

मग आई महिनाभर वेगळी राहणार?

नाही. डबा आणि शरीर यांत फरक आहे. शरीरातलं आयोडीन लघवीवाटेही बाहेर पडतं. उदाहरणार्थ, त्यामुळे निम्मं व्हायला २ दिवस लागत असतील, तर दोन्ही मिळून अर्धायुष्य (८ × २) ÷ (८ + २) म्हणजे १.६ दिवस. आठ दिवसांत पाच वेळा निम्मं, उरलं ३ टक्के!

गंमत अशी, की कॅन्सरमध्ये थायरॉइड ग्रंथी बहुधा आधीच काढलेली असते, त्यामुळे मोठी मात्राही लवकर निघून जाते. हायपरथायरॉइडच्या रुग्णाला मात्रा कमी दिली जाते, पण त्याची ग्रंथी आयोडीन धरून ठेवते. त्यामुळे मुलांपासून लांब राहण्याचे दिवस त्याला जास्तही सांगितले जाऊ शकतात. शेजाऱ्याला सांगितलेले दिवस म्हणूनच आपल्या घरी लागू होत नाहीत. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी लिहिलेले दिवस त्या रुग्णापुरतेच असतात.