डिफॉल्ट म्हणजे तपासलेले नव्हे
सांगलीच्या वालचंद किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी पायथन या संगणकभाषेच्या ‘पिप’ या साधनाकडे पॅकेज (इतरांनी लिहिलेला, वापरायला तयार कोड) मागतो, तेव्हा ते कुठे शोधायचे हे बहुधा सांगत नाही. न सांगता लागू होणारी निवड म्हणजे डिफॉल्ट. सांगलीत नुसते ‘हळद द्या’ म्हटले, की दुकानदार नेहमी खपणारी पूड बांधून देतो, तसेच हे.

पिप ‘पायपीआय’ या सार्वजनिक भांडारात शोधते आणि चाचणी आवृत्त्या वगळून सर्वांत नवी स्थिर आवृत्ती घेते. निवड समंजस आहे; पण मिळालेले पॅकेज कोणीतरी तपासलेले असते, हा समज चुकीचा. तिथे कोणीही खाते उघडून पॅकेज चढवू शकते.

दुसरा गैरसमज अधिक महागात पडतो. संस्थेचे खासगी भांडार ‘एक्स्ट्रा’ (अतिरिक्त) म्हणून जोडले, की आधी तिथेच शोध होईल असे वाटते. पिप मात्र सगळी भांडारे सारखी मानते आणि मोठा आवृत्ती-क्रमांक उचलते; त्याच नावाचे, मोठ्या क्रमांकाचे पॅकेज कोणी पायपीआयवर चढवले, तर तेच येते. अशाच फटीतून अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्टसारख्या कंपन्यांच्या आत आपला कोड कसा पोहोचला, हे अ‍ॅलेक्स बिर्सन या संशोधकाने २०२१ मध्ये जाहीर केले. म्हणून महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेसाठी डिफॉल्ट ठरवताना भांडार एकच ठेवावे आणि आवृत्त्या नोंदवून पक्क्या कराव्यात.