दिमोनाची चिठ्ठी: नेमून दिलेला पत्ता

दिमोना (इस्रायल)

नेगेव्हच्या वाळवंटातल्या या गावात दुकानात पोहे आणि कोकम मिळतं, आणि गल्ल्यावरच्या आजी ‘किती देऊ, बाळा?’ असं मराठीत विचारतात. हे आपले बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू. कोकणात यांना शनिवार तेली म्हणत. शनिवार ज्यूंच्या विश्रांतीचा, म्हणून तेलाचा घाणा त्या दिवशी बंद. पुढे मुंबईत येऊन शिकले, नोकऱ्यांत शिरले.

1948 नंतर इस्रायलला आले तेव्हा मुंबईची कारकुनी हिब्रूअभावी वाया गेली. सरकारला वाळवंट वसवायचं होतं. 1955 साली उभ्या राहिलेल्या दिमोनात आधी मोरोक्कोचे ज्यू आणि मग आपली माणसं आणून सोडली. कामाला ‘कितान’ कापडगिरणी. युरोपातून आधी आलेल्यांचं बस्तान तोवर तेल अवीवकडे बसलं होतं. पगारातलं अंतर एखादी पिढी भरून काढते. घराच्या किमतीतलं अंतर वाढत जातं. तिकडचा फ्लॅट गहाण ठेवून नातू धंदा उभारतो, इथल्या फ्लॅटवर बँक तेवढं देत नाही. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, बेने इस्रायलच्या लग्नांवर घेतलेल्या शंकेविरुद्ध 1964 मध्ये हे जेरुसलेममध्ये धरणं धरून बसले आणि जिंकले. पण पत्त्याविरुद्ध धरणं कुणाच्या दारात धरायचं?

दिमोनाच्याही खाली एक पायरी आहे. गावाला लागूनच रास जराबा ही बेदुइन अरबांची वस्ती. पत्र्याची घरं, सरकारदरबारी मान्यता नाही, म्हणून वीज-पाण्याची जोडणीही नाही. घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या चेणे गावात हे फोड करून सांगावं लागणार नाही. सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्या दारात बिल्डर येतो; राष्ट्रीय उद्यानालगतच्या पाड्यावरचा आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या राहूनही वनखात्याच्या लेखी अतिक्रमण करणारा. निदान 2006 च्या वनहक्क कायद्यात वडीलधाऱ्यांचा जबाब पुरावा म्हणून धरतात, अंमलबजावणी कशीही असो.

दिमोना वाढवायचं म्हणून 2023 मध्ये बीरशेबाच्या न्यायालयाने रास जराबा रिकामं करायचा निकाल दिला. तिथल्या लोकांची मागणी अशी, की आम्हालाच दिमोनाचा एक मोहल्ला करा. सरकार त्यांना बेदुइनांच्या वेगळ्या गावात धाडू पाहतं. आणि मराठी घरांत विचारलं तर? ज्यांच्या आईबापांना न विचारता इथे उतरवलं, त्यांतलेही काही सरकारच्याच बाजूने बोलतात. नव्या वसाहतीत नातवाला फ्लॅट लागेल, हा त्यांचा हिशेब.