पेटीतलं लुगडं आणि दिवाळीचं भेटकार्ड



आपल्यापैकी किती जणींकडे आईचा एकटीचा, निवांत बसून काढलेला फोटो आहे? बऱ्याच घरांत आधार कार्डावरचा फोटो असतो, नाहीतर कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यात मागे उभी राहिलेली आई असते. माणूस गेलं की त्याच घोळक्यातला चेहरा कापून मोठा करायचा आणि त्याला हार घालायचा, असं होतं. म्हणून यंदा दिवाळीला विकतच्या कार्डाऐवजी जुन्या पेहरावातल्या फोटोचं भेटकार्ड घरीच करून बघा. मोबाईल घरात आहे, लुगडं पेटीत आहे आणि ते नेसायला शिकवणारी आजी ओसरीवर बसली आहे. भाऊबीजेला भावाला, शहरात राहणाऱ्या लेकीला किंवा संक्रांतीच्या वाणात देता येईल अशी ही भेट आहे. हात बसला की गटाला चार पैसेही मिळतील.

जुना फोटो जुना का दिसतो?

मुंबईत फोटोग्राफीची संस्था 1854 साली निघाली. त्या काळच्या कॅमेऱ्यासमोर काही सेकंद अजिबात न हलता बसावं लागे. हसू तेवढा वेळ टिकत नाही, म्हणून चेहरे गंभीर. हात हलू नये म्हणून तो खुर्चीच्या हातावर किंवा तिपाईवर टेकलेला. मागे पडदा, बाजूला फुलदाणी. छापलेला फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवायचे आणि खाली स्टुडिओचं नाव असायचं. या गोष्टी ध्यानात ठेवल्या की अर्धं काम झालं. बाकीचं कपडे आणि उजेड करतात.

कपडे आणि दागिने

नऊवारी म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर कापड. शिवलेली नऊवारी घालायला सोपी, पण फोटोत तिच्या निऱ्या शिवलेल्या कळतात. त्यापेक्षा नेसलेलीच बरी. काष्टा कसा घालायचा, पदर किती सोडायचा, हे गावातल्या म्हाताऱ्या बायांना विचारा. ही माहिती त्यांच्या हातात आहे, कागदावर फारशी नाही. नेसवतानाचा व्हिडिओही काढून ठेवा.

प्रत्येकीने पुणेरी थाटच करायचा असं नाही. कोळणीचं नेसणं वेगळं, वारली बाईचं गुडघ्यापर्यंतचं लुगडं वेगळं, बंजारा बाईचा फेटिया-कांचळी वेगळी. आपल्या आजीचं जे होतं तेच घाला.

फोटो काळा-पांढरा करणार असाल तर एक गोष्ट लक्षात घ्या. लाल आणि हिरवा हे रंग त्यात बहुतेकदा सारखेच करडे दिसतात. लाल लुगड्याचे हिरवे काठ मग उठून दिसत नाहीत. गडद लुगडं आणि फिके काठ, किंवा त्याच्या उलट, असं निवडा. खणाची चोळी छान उठते. चकचकीत कापड टाळा, त्यावर उजेड चमकतो.

नथ, ठुशी, बोरमाळ, पाटल्या बेन्टेक्सच्या चालतात. सोनं कुणी कुणाचं मागून आणू नका. हरवलं तर गटात कायमची अढी बसते. घड्याळ, प्लास्टिकच्या पिना, नेलपॉलिश काढा. चष्मा रोजचा असेल तर राहू द्या, ती ओळख आहे.

एकल बहिणींना विसरू नका

नथ, कुंकू, हिरव्या बांगड्या म्हटलं की काही बहिणी आपणहून मागे सरकतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा राज्यभर त्याची चर्चा झाली. आपल्या गटात त्यासाठी ठरावाची वाट बघायला नको. काय घालायचं, काय नाही, हे त्या बहिणीनेच ठरवावं. पण खुर्ची तिच्यासाठीही मांडलेली असावी.

उजेड आणि जागा

फ्लॅश बंद ठेवा. दुपारचं ऊन टाळा, डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात. सकाळी ओसरीवर किंवा मोठ्या दारापाशी, थेट ऊन येणार नाही अशा जागी बसवा. उजेड एका बाजूने चेहऱ्यावर यावा. चेहऱ्याची दुसरी बाजू फार काळी दिसली तर त्या बाजूला कुणीतरी पांढरी चादर धरून उभं राहा.

मागे मातीची भिंत, जुनं लाकडी दार किंवा ताणून बांधलेली एकरंगी चादर. लाकडी खुर्ची, पितळी तांब्या, पानाचा डबा, समई, जातं यांतल्या दोनच वस्तू ठेवा. जास्त ठेवल्या की भांड्यांचं दुकान दिसतं. वायर, स्विचबोर्ड, गॅस सिलिंडर, प्लास्टिकची खुर्ची फोटोत येत नाही ना, हे आधी बघा.

फोटो काढताना

मोबाईलची काच सुती कापडाने पुसा. बसलेल्या बाईच्या छातीच्या उंचीवर मोबाईल धरा आणि स्टुलावर टेकवा, म्हणजे हलणार नाही. झूम करू नका. पाठ ताठ, हात मांडीवर, नजर समोर. एकीचे दहा-बारा फोटो काढा. म्हातारी माणसं पहिल्या चार फोटोंत अवघडलेली असतात, त्यांच्याशी बोलत राहा.

मग मोबाईलमधल्याच एडिटमध्ये फोटो काळा-पांढरा करा किंवा हलकी तपकिरी छटा द्या. चेहरा गोरा आणि गुळगुळीत करणारे फिल्टर वापरू नका. आईच्या सुरकुत्या गेल्या की आई राहत नाही.

छपाई आणि कार्ड

छपाईवाल्याला व्हॉट्सअॅपवर फोटो नेहमीसारखा पाठवला तर त्याचा दर्जा घसरतो. तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. 4 बाय 6 इंचाची प्रिंट, चकाकी नसलेल्या मॅट कागदावर घ्या. ए-4 मापाचा जाड कार्डशीट मधोमध दुमडला की ही प्रिंट चारी बाजूंनी जागा सोडून नीट बसते. चिकटवायला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरा, पातळ डिंकाने कागद फुगतो. खाली आपल्या गटाचं नाव लिहा, जुन्या स्टुडिओसारखं.

मागच्या बाजूला मात्र खरी तारीख, गाव आणि नाव लिहा. नाहीतर पन्नास वर्षांनी नातवंडं याला खरंच जुना फोटो समजतील.

विकायचं असेल तर

आधी हिशेब मांडा. समजा एका कार्डाला प्रिंट 15 रुपये, कार्डशीट 5, पाकीट आणि टेप 5, तालुक्याला जाण्या-येण्याचा वाटा 5, असे 30 रुपये लागले. फोटो काढणारी, नेसवणारी आणि कार्ड करणारी यांची मजुरी यात अजून आलेलीच नाही. ती धरूनच भाव सांगा. "घरचंच तर काम आहे" म्हणून मजुरी सोडू नका. आपल्या भागातले दर विचारून आकडे बदला. निम्मे पैसे आगाऊ घ्या आणि वहीत नोंद करा.

ज्या बाईचा फोटो आहे तिला विचारल्याशिवाय तो स्टेटसला किंवा जाहिरातीत टाकू नका. लहान मुलांचा असेल तर त्यांच्या आई-वडिलांना विचारा. काम झाल्यावर मूळ फोटो तिच्या घरच्यांना देऊन टाका.

दिवाळीला वेळ आहे असं म्हणता म्हणता नवरात्र संपतं, मग फराळ आणि साफसफाई. म्हणून पुढच्या बैठकीतच दिवस ठरवा, आणि सुरुवात गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईपासून करा. रोज मोबाईल धरून सगळ्यांचे फोटो काढणारी ताई असेल, तिलाही त्या दिवशी खुर्चीवर बसवा.