उलटलेल्या जर्म सेल ट्यूमरवर नव्या औषधाची परीक्षा

ज्या पेशींपासून पुढे शुक्राणू किंवा स्त्रीबीज तयार व्हायचे, त्या मूळ पेशी बिघडून होणाऱ्या गाठींना ‘जर्म सेल ट्यूमर’ म्हणतात. मराठीत जननपेशींचे अर्बुद. पुरुषांत ही गाठ बहुधा वृषणात होते, स्त्रियांत अंडाशयात. गर्भावस्थेत या पेशी आपल्या जागी पोचण्यासाठी शरीराच्या मध्यरेषेवरून प्रवास करतात आणि त्यातल्या काही वाटेत अडकून राहतात. म्हणून तीच गाठ कधी छातीच्या मधोमध, कधी पोटामागे, लहान मुलांत माकडहाडाजवळ, तर कधी मेंदूतही सापडते. २०११चा विश्वचषक गाजवणाऱ्या युवराजसिंगची गाठ छातीत होती आणि ती याच जातीची होती. २०१२मध्ये अमेरिकेत केमोथेरपी घेऊन तो पुन्हा मैदानात उतरला.

हा तरुणांचा आजार आहे. वृषणातली गाठ बहुतेक वेळा पंधरा ते चाळीस या वयात दिसते. जन्मतः एक वृषण खाली उतरलेले नसेल, तर धोका वाढतो. भारतात हा आजार तसा विरळ, दर लाख पुरुषांमागे वर्षाला एकाहून कमी; नॉर्वे-डेन्मार्कमध्ये तो कित्येक पटींनी जास्त आढळतो. टाटा मेमोरियल सेंटरच्या पुढाकाराने रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत कर्करोगाची लोकसंख्येवर आधारित नोंदणी होते. तिथे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगांचा भार मोठा आहे. जर्म सेल ट्यूमर या यादीत फार खाली. ज्या आजाराचे रुग्ण इतके थोडे, त्याच्यावरच्या नव्या औषधाची परीक्षा एका जिल्ह्यात काय, एका देशातही पुरी होणे कठीण. पुढे जे सांगायचे आहे त्यातल्या बऱ्याच अडचणी या एका गोष्टीतून निघतात.

आजार पसरला तरी बरा होतो, हे या गाठीचे वैशिष्ट्य. फुप्फुसात गाठी दिसत असतानाही रुग्ण कायमचा बरा होण्याची आशा धरता येते, असे प्रौढांच्या घन गाठींत फार थोड्या ठिकाणी घडते. पसरलेल्या आजाराचे तीन गट केले जातात. १९९७मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणानुसार पहिल्या गटातले शंभरातले नव्वदहून थोडे अधिक रुग्ण पाच वर्षांनंतर जिवंत होते, मधल्या गटातले ऐंशीच्या आसपास, तर शेवटच्या गटातले पन्नासहून कमी. हे श्रेय मुख्यतः सिस्प्लॅटिन या प्लॅटिनमयुक्त औषधाचे.

सिस्प्लॅटिनचा शोध अपघाताने लागला. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंच्या विभाजनावर विजेचा काय परिणाम होतो ते पाहत होते. जिवाणू दुभंगेनात, नुसतेच लांबत गेले. कारण विजेत नव्हते. इलेक्ट्रोडच्या प्लॅटिनमपासून द्रावणात तयार झालेल्या संयुगात होते. हे १९६५मध्ये प्रसिद्ध झाले. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांत मात्र या औषधाने मूत्रपिंडे बिघडवली आणि उलट्यांनी रुग्णांना इतके हैराण केले, की ते मागे पडण्याच्या बेतात होते. भरपूर सलाईन दिले तर मूत्रपिंडे वाचतात हे कळल्यावर ते टिकले. १९७४मध्ये इंडियाना विद्यापीठात लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते व्हिन्ब्लास्टीन आणि ब्लिओमायसिन यांच्या जोडीने द्यायला सुरुवात केली. आधीच्या औषधांना दाद न दिलेला तेवीस वर्षांचा एक विद्यार्थी त्या पहिल्या रुग्णांत होता. तो बरा झाला. १९७७च्या अहवालात ४७ रुग्णांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांचा आजार केमोने पूर्ण नाहीसा झाल्याची नोंद आहे. पुढच्याच वर्षी अमेरिकेत औषधाला परवानगी मिळाली.

त्यानंतरची औषधेही याच वाटेने आली. हिमालयातल्या बनककडीच्या कुळातल्या वनस्पतीत मिळणाऱ्या रसायनापासून तयार झालेले इटोपोसाइड १९८३मध्ये अमेरिकेत मान्य झाले, तेही इतर उपचार फसलेल्या वृषणाच्या कर्करोगासाठी. १९८७मध्ये ते व्हिन्ब्लास्टीनपेक्षा सरस आणि सुसह्य असल्याचे दिसले आणि आज सर्वत्र पहिला उपचार म्हणून दिली जाणारी ‘बीईपी’, म्हणजे ब्लिओमायसिन, इटोपोसाइड आणि सिस्प्लॅटिन ही त्रयी रूढ झाली. आयफॉस्फामाइडला १९८८च्या अखेरीस परवानगी मिळाली ती तिसऱ्या फळीतले औषध म्हणून. म्हणजे आज पहिल्याच दिवशी सलाईनमधून जी औषधे जातात, त्यांतली महत्त्वाची औषधे आधी उलटलेल्या आजाराच्या रुग्णांवर पारखली गेली. या रुग्णांना वैद्यकाने ‘हाताबाहेर गेलेले’ म्हणून सोडून दिले असते, तर बाकीच्यांनाही ती मिळाली नसती.

आजार उलटतो म्हणजे काय, हेही नीट पाहायला हवे. बहुतेक वेळा तो उपचार संपल्यावर दोन वर्षांच्या आत परततो. कधी सिस्प्लॅटिन चालू असतानाच किंवा ते थांबवून चार आठवडे व्हायच्या आत गाठ वाढू लागते. हा प्रकार सर्वांत चिवट. कधी दोन वर्षांनंतर, अगदी दहा-पंधरा वर्षांनीही तो डोके वर काढतो आणि अशा उशिरा आलेल्या आजाराला केमो फारशी लागू पडत नाही, तिथे शस्त्रक्रियाच कामाची. नव्या औषधाच्या चाचणीत हे तिन्ही प्रकार सरमिसळ करून घेतले तर निकालाला अर्थ उरत नाही. म्हणून कोणता रुग्ण घ्यायचा, त्याने आधी किती प्रकारची केमो घेतली आहे, मूत्रपिंडे आणि रक्तपेशी किती शिल्लक ताकदीच्या आहेत, हे आधीच लिहून ठेवावे लागते.

चाचणीच्या पहिल्या टप्प्यात औषधाचा किती डोस शरीराला सोसतो ते पाहतात. दुसऱ्यात गाठ आटते का, हे. तिसऱ्यात आधीच्या उपचाराशी तुलना. उलटलेल्या जर्म सेल ट्यूमरच्या बहुतेक चाचण्या दुसऱ्या टप्प्यातच असतात, कारण तुलनेसाठी लागणारे शेकडो रुग्ण मिळतच नाहीत. या टप्प्यासाठी १९८९मध्ये रिचर्ड सायमन या संख्याशास्त्रज्ञाने सुचवलेली पद्धत सर्रास वापरतात. आधी थोडेच रुग्ण घ्यायचे. त्यांच्यात ठरल्याइतका गुण दिसला नाही तर तिथेच थांबायचे, दिसला तरच आणखी घ्यायचे. निकामी औषध कमीत कमी लोकांना मिळावे, हा त्यामागचा हिशेब. पेम्ब्रोलिझुमॅब हे फुप्फुस आणि त्वचेच्या कर्करोगांत गाजलेले इम्युनोथेरपीचे औषध इंडियानात १२ रुग्णांना देऊन पाहिले. एकाचीही गाठ आटली नाही. २०१८मध्ये हा निकाल छापून आला आणि त्या वाटेने एकट्या औषधाची आशा धरणे संपले. अशा नकारार्थी निकालांची बातमी होत नाही, पण पुढच्या किती रुग्णांचे महिने त्यांनी वाचवले हे मोजले तर त्यांची किंमत कळते.

उलट बाजूला जेमसिटाबिन, ऑक्झालिप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल. एकेकटी दिली तेव्हा थोड्या रुग्णांत गुण दिसला, मग त्यांच्या जोड्या लावल्या गेल्या. पॅक्लिटॅक्सेल, आयफॉस्फामाइड आणि सिस्प्लॅटिन यांची ‘टीआयपी’ न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये ४६ रुग्णांवर पारखली. पहिल्यांदाच उलटलेला आणि चांगली लक्षणे असलेला आजार असेच रुग्ण त्यात निवडले होते. त्यांतल्या सत्तर टक्क्यांचा आजार पूर्ण नाहीसा झाला. ही निवड न सांगता नुसता सत्तरचा आकडा सांगणे म्हणजे रुग्णाची दिशाभूलच.

‘गाठ आटली का’ हा प्रश्न दिसतो तेवढा सरळ नाही. या गाठींतून एएफपी आणि बीटा-एचसीजी ही दोन रसायने रक्तात येतात आणि ती मोजून आजाराची चाहूल लागते. उपचार लागू पडला तर एचसीजी दीड दिवसात निम्मे व्हावे, एएफपी साधारण आठवडाभरात. पण काही वेळा रक्तातले आकडे सुंदर उतरतात आणि सीटी स्कॅनमध्ये गाठ मात्र वाढतच जाते. हा टेराटोमा असतो: हाड, कूर्चा, केस अशा पक्व पेशींचा भाग. त्याला केमो मानवत नाही, तो कापूनच काढावा लागतो. अशा रुग्णाला ‘औषध फसले’ म्हणून चाचणीतून बाहेर काढले तर औषधावरही अन्याय आणि रुग्णावरही. म्हणून या चाचण्यांत शल्यचिकित्सक आणि पॅथॉलॉजिस्ट यांचे मत औषधतज्ज्ञाइतकेच मोलाचे.

दुसरी वाट अतिउच्च डोसची. रुग्णाच्याच रक्तातल्या मूळ पेशी आधी काढून गोठवायच्या, मग अस्थिमज्जा जळून जाईल इतकी कार्बोप्लॅटिन-इटोपोसाइडची मात्रा द्यायची आणि त्या पेशी परत सोडायच्या. आइनहॉर्न यांच्या गटाने २००७मध्ये अशा १८४ रुग्णांचा अहवाल दिला. ११६ जण सरासरी चार वर्षांच्या पाठपुराव्यात आजारमुक्त होते. तिघांचा मृत्यू उपचारामुळेच झाला. मात्र युरोपातल्या २८० रुग्णांच्या आधीच्या तुलनात्मक चाचणीत उच्च डोसचा फायदा दिसला नव्हता. तंटा मिटावा म्हणून २०१५पासून ‘टायगर’ नावाची चाचणी सुरू झाली. टीआयपी विरुद्ध उच्च डोस, ४२० रुग्णांचे लक्ष्य. एवढे रुग्ण जमवायला अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या रुग्णालयांना एकत्र यावे लागले.

मूळ पेशींचे हे शास्त्र महाराष्ट्राला परके नाही. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण १९८३मध्ये परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले, एका नऊ वर्षांच्या मुलीवर, तिच्या भावाची मज्जा घेऊन. आज खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’ या टाटा मेमोरियलच्या केंद्रात असे उपचार होतात. रत्नागिरीच्या रुग्णाला त्यासाठी मुंबई गाठावीच लागते. चिपळूण तालुक्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाचे टाटा मेमोरियलशी सहकार्य आहे आणि साध्या केमोची सोय जिल्ह्यात वाढते आहे. पण उलटलेल्या जर्म सेल ट्यूमरचा रुग्ण जिथे असे आजार वरचेवर येतात, तिथेच जायला हवा. हा दुर्मीळ आजार सांभाळण्यात अनुभवाचा फरक मोठा पडतो.

उलटण्याची वेळच येऊ नये, यासाठीची खबरदारी साधी आहे आणि ती पाळली जात नाही. बीईपीचे चक्र दर एकवीस दिवसांनी सुरू व्हायलाच हवे. पैशाची जुळवाजुळव, एसटीचा प्रवास, शिवाय गणपतीला गावी राहायचे, अशा कारणांनी एखादे चक्र आठ-पंधरा दिवस पुढे ढकलले जाते आणि चिवट पेशींना उसंत मिळते. वृषण काढण्याची शस्त्रक्रियाही जांघेतून व्हावी लागते; अंडकोषाला छेद दिला तर आजार पसरायची वाट मोकळी होते. हायड्रोसील समजून दिलेला असा छेद पुढे महागात पडतो.

भारतात नव्या औषधाची चाचणी २०१९च्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल’ नियमांनुसार होते. औषध महानियंत्रकाची परवानगी, नैतिकता समितीची मान्यता आणि ‘सीटीआरआय’ या राष्ट्रीय नोंदवहीत रुग्ण घेण्यापूर्वी नोंद, या तिन्ही गोष्टी लागतात. ही नोंदवही २००७मध्ये सुरू झाली, २००९पासून नोंद सक्तीची आहे. नैतिकता समितीत किमान सात जण असतात. त्यांत एक सामान्य नागरिक, एक कायद्याचा जाणकार आणि एक स्त्री असावीच लागते, आणि अध्यक्ष त्या संस्थेबाहेरचा. चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत मिळतात आणि भरपाईची तरतूद आहे. संमतीपत्र रुग्णाला कळणाऱ्या भाषेत द्यावे लागते. कोकणातल्या रुग्णाला ते मराठीत मागण्याचा अधिकार आहे. सात ते अठरा वयाच्या मुलाची स्वतःची तयारीही पालकांच्या संमतीबरोबर विचारावी लागते.

चाचणीत जाणाऱ्या तरुणाने आणखी काही गोष्टी आधी विचारून घ्याव्यात. शुक्राणू गोठवून ठेवता येतील का? कारण अनेक केमो-औषधांनी अपत्यप्राप्ती अडू शकते. सिस्प्लॅटिनने कानांवर आणि हातापायांच्या संवेदनांवर किती परिणाम झाला आहे? चाचणी अर्धवट सोडली तर नेहमीचे उपचार मिळत राहतील का? नियमाने ते मिळायलाच हवेत. आणि सही करण्यापूर्वी चाचणीचा सीटीआरआय क्रमांक मागावा. तो सांगायला जिथे कोणी टाळाटाळ करील, तिथे सही करू नये.