जन्मानंतरचा पहिला तास

बाळ रडलं, की दारापाशी ताटकळलेल्या मंडळींचा जीव भांड्यात पडतो. आजी हात जोडते, मामा पेढे आणायला पळतो, फोन सुरू होतात. मोठं काम पार पडलं असं सगळ्यांना वाटतं. आत मात्र एक विलक्षण तास नुकता सुरू झालेला असतो. या तासात बाळाच्या हृदयातल्या रक्ताची वाट बदलते, फुप्फुसं पहिल्यांदा कामाला लागतात, आईच्या पोटातली उघडी जखम आवळली जाते आणि कुणी काही न शिकवलेलं पोर आपलं अन्न आपणच शोधून काढतं. यातली किती कामं आई आणि बाळ मिळून करतात, हे कळलं की थक्क व्हायला होतं. नाळ कापली तरी ही दोन शरीरं अजून एकमेकांच्या भरवशावर असतात.

सुरुवात कळांपासून करू. पहिलटकरणीला घाबरवणारी गोष्ट म्हणजे कळा थांबायचं नाव घेत नाहीत, वाढतच जातात. याचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. बाळाचं डोकं गर्भाशयाच्या तोंडावर दाबलं गेलं की त्या ताणाची खबर मज्जातंतूंवाटे मेंदूला पोहोचते. मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात सोडते. त्याने गर्भाशय आकसतं, डोकं आणखी खाली सरकतं, ताण आणखी वाढतो आणि ऑक्सिटोसिनही. एरवी शरीरातल्या बहुतेक यंत्रणा वाढलेली गोष्ट कमी करायला धावतात. ही यंत्रणा वाढलेल्याला आणखी वाढवते आणि बाळ बाहेर आल्यावरच निवते. या द्रव्याचा परिणाम इंग्लंडच्या हेन्री डेल यांनी १९०६ साली टिपला. अमेरिकेच्या व्हिन्सेंट द्यू व्हिनो यांनी १९५३ मध्ये ते प्रयोगशाळेत बनवलं आणि १९५५ साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. अवघ्या नऊ अमिनो आम्लांचा हा रेणू पुढच्या तासाभरात आणखी दोनदा आपल्या उपयोगी पडणार आहे.

कळांमध्ये बाळही सोसत असतं. त्याच्या रक्तात अ‍ॅड्रेनलिनसारखी संप्रेरकं उसळतात आणि त्यांचा एक मोठा उपकार होतो. पोटात असताना बाळाची फुप्फुसं द्रवाने भरलेली असतात. या संप्रेरकांमुळे फुप्फुसं तो द्रव शोषून घ्यायला लागतात. कळा सुरू होण्याआधीच सिझेरियन झालेल्या काही बाळांना पहिले काही तास धाप लागते, ती बऱ्याचदा या उरलेल्या द्रवामुळे.

मग येतो पहिला श्वास. तो आयुष्यातला सर्वांत कष्टाचा श्वास. ओल्या प्लास्टिकच्या पिशवीच्या बाजू एकमेकींना चिकटतात आणि ती उघडता उघडत नाही. फुप्फुसातल्या लक्षावधी सूक्ष्म पिशव्यांची अवस्था तशीच असते. त्या उघडाव्यात आणि श्वास सोडल्यावर पुन्हा मिटू नयेत, म्हणून गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत फुप्फुसं आतून एक निसरडा थर तयार करतात. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. फार लवकर जन्मलेल्या बाळांचा जीव का गुदमरतो, हे कोडं मेरी एलेन एव्हरी या डॉक्टरबाईंनी १९५९ साली सोडवलं. त्या बाळांमध्ये हा थरच पुरेसा नसतो. कारण कळलं, पण उपाय हाती यायला आणखी दोन दशकं गेली. १९६३ साली अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांचा साडेपाच आठवडे आधी जन्मलेला मुलगा याच आजाराने दोन दिवसांच्या आत गेला. जगातले उत्तमोत्तम डॉक्टर दिमतीला असूनही त्यांना काही करता आलं नाही. आज असं द्रव्य नळीवाटे फुप्फुसात सोडून अनेक बाळांचे जीव वाचवले जातात.

फुप्फुसं उघडली की हृदयाची पाळी. पोटातल्या बाळाला प्राणवायू मिळतो तो वारेकडून, म्हणून रक्ताला फुप्फुसात जायचं फारसं कारण नसतं. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये एक झडपेचं भोक असतं. त्यातून आणि बाहेरच्या एका छोट्या वाहिनीतून बरंचसं रक्त परस्पर पुढे जातं. पहिल्या श्वासांबरोबर रक्त फुप्फुसांकडे धावतं, तिथून डाव्या कप्प्यात परततं आणि त्याच्या दाबाने ती झडप मिटते. छोटी वाहिनीही पुढच्या एक-दोन दिवसांत आकसून बंद होते. निळसर दिसणारं अंग डोळ्यांदेखत गुलाबी होत जातं ते याच काळात. ज्या हृदयात नऊ महिने एक व्यवस्था होती, तिथे दुसरी व्यवस्था लागू होते आणि या सगळ्यात हृदयाचा ठोका थांबत नाही.

आता नाळेकडे बघा. ओलसर, पांढरी-निळसर, पीळ पडलेली नाळ जन्मानंतरही काही क्षण हाताला उडताना जाणवते. तिच्यात दोन धमन्या आणि एक शीर असते आणि वारेत अजून बाळाच्याच वाट्याचं रक्त शिल्लक असतं. घाई केली नाही तर दोन-तीन मिनिटांत साधारण ८० ते १०० मिलिलिटर रक्त बाळाकडे येतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त असतं जेमतेम पाव लिटर, हे लक्षात घेतलं की या दोन मिनिटांचं मोल कळेल. त्या रक्तातलं लोह पुढे कित्येक महिने पुरतं. जिथे घरोघरी पंडुरोग आहे अशा आपल्या देशात ही फुकटची ठेव आहे. नाळ बांधायला निदान एक मिनिट थांबा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते म्हणूनच.

इकडे आईचं काम संपलेलं नसतं. बाळ बाहेर आल्यावर कित्येक जणींना ताप नसताना हुडहुडी भरते, दात वाजायला लागतात. ते सहसा थोड्या वेळात थांबतं. मग वार पडते, साधारण अर्धा किलोची. ती जिथून सुटते तिथे गर्भाशयाच्या आत मोठी जखम उरते. दिवस भरलेल्या गर्भाशयाला मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त पुरवलं जात असतं. ते वाहत राहिलं तर बाई काही वेळातच दगावेल. मग रक्त थांबतं कसं? गर्भाशयाच्या स्नायूंचे धागे आडवेतिडवे एकमेकांत विणलेले असतात आणि रक्तवाहिन्या त्यांच्यामधून गेलेल्या असतात. स्नायू आवळले की प्रत्येक वाहिनी आपोआप चिमटली जाते. हे आवळणंही ऑक्सिटोसिनच घडवतं. दवाखान्यात त्याचं इंजेक्शन देतात आणि ते द्यायलाच हवं. त्याच्या जोडीला बाळ छातीशी लागून चोखायला लागलं की आईचं शरीर स्वतःही ऑक्सिटोसिन सोडतं. बाळाला पाजायला घेतलं की पोटात कळ येते, असं दुसऱ्या-तिसऱ्या खेपेच्या बाळंतिणी सांगतात. ती कळ याचीच खूण आहे.

पान्हा फुटतो तोही याच रेणूमुळे. पण बाळ तिथवर पोहोचतं कसं? मला सर्वांत नवल वाटतं ते याचंच. उघड्या अंगाने बाळाला आईच्या पोटावर पालथं ठेवा, वरून कोरडं फडकं पांघरा आणि वाट बघा. आधी ते निपचित पडून राहतं. मग डोळे उघडतं. हाताची मूठ तोंडाशी नेतं, चाटतं. थोड्या वेळाने पाय आईच्या पोटावर रेटतं, बोटभर पुढे सरकतं, दमतं, थांबतं, पुन्हा रेटतं. मान उचलून इकडेतिकडे डोलवतं. शेवटी बोंडापाशी येतं, जीभ बाहेर काढतं, मोठा आ करतं आणि लागतं. निरोगी बाळं बहुतेकदा तासाभरात हे पार पाडतात. स्वीडनच्या संशोधकांनी १९८७ साली याचं शास्त्रीय वर्णन केलं. २००७ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी युनिसेफच्या साथीने त्याची चित्रफीत केली, ती देशोदेशी दाखवली गेली.

बाळाला वाट दाखवतो तो मुख्यतः वास. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आईचा एक स्तन धुतला आणि दुसरा तसाच ठेवला. तीसपैकी बावीस बाळं न धुतलेल्या बाजूला गेली. आवाजही ओळखीचा असतो. तीन दिवसांच्या आतली बाळं आईचा आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलतात, हे १९८० साली अमेरिकेत दिसून आलं होतं. आणि नवजात बाळाला नीट दिसतं ते वीस-तीस सेंटिमीटरवरचं, म्हणजे छातीशी धरल्यावर आईचा चेहरा असतो साधारण तितकंच.

छातीवरची ही जागा किती मोलाची आहे, हे अशक्त बाळांनी सिद्ध केलं. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा इथे काचेच्या पेट्या अपुऱ्या पडल्या, तेव्हा डॉ. एडगर रे यांनी कमी वजनाची बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. पुढे दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयासह पाच देशांत मोठा अभ्यास झाला. जन्मानंतर बाळ स्थिर व्हायची वाट न पाहता लगेच छातीशी घेतलं, तर एक ते १.८ किलोच्या बाळांमधले मृत्यू २५ टक्क्यांनी घटतात, हा त्याचा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला.

आपल्याकडे काय होतं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातली सुमारे ८९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली. पण जन्मानंतर तासाभरात आईचं दूध मिळालं ते जेमतेम ४२ टक्के बाळांना. बाकीच्यांपैकी कित्येकांचा तास वजन, पुसापुशी, दुपट्यात गुंडाळणं आणि बाहेरच्यांना दाखवणं यात गेला.

म्हणून घरात कुणी बाळंतपणाला आली असेल तर नववा महिना लागताच डॉक्टरांशी बोलून ठेवा. बाळ-बाळंतीण ठीक असतील तर बाळाला लगेच छातीवर द्याल का? नाळ जरा थांबून बांधाल का? सिझेरियन झालं तरी हे जमेल का? कुणाची प्रकृती बिघडली तर उपचार आधी, यात वाद नाही. पण सगळं सुरळीत असेल तर वजन नंतर करता येतं, आंघोळ दुसऱ्या दिवशी घालता येते, फोटोही थांबतात. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना एक कळकळीची विनंती: मधाचं बोट नको, गुळाचं पाणी नको, पहिला पिवळसर चीक तर मुळीच काढून टाकू नका. तो चमचाभरच असतो, पण रोगांशी लढणाऱ्या द्रव्यांनी भरलेला असतो आणि पहिल्या दिवशी बाळाला तेवढा पुरतो. पेढे वाटायला सगळा जन्म आहे. हा पहिला तास त्या दोघांना द्या.